ईएलसीबी 'डायरेक्ट' करून देऊ नका : कोल्हापुरातल्या समस्त वायरमन आणि इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

विषय एकच आहे म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. गिऱ्हाईकाचा फोन येतो, "ईएलसीबी सारखा पडतोय ओ, जरा बघा की", आणि आपण जाऊन तो डायरेक्ट करून देतो, म्हणजे करंटची गळती पकडून लाईन तोडणारं ते यंत्रच वायरीतनं सोडवून टाकतो, लाईट टिकते, गिऱ्हाईक खूश, आपण पुढच्या कामाला. हे बंद करूया. 'आपण' म्हणतोय कारण मी पण तुमच्याच लाईनीतला, कळंबा रोडच्या आयटीआयमधनं इलेक्ट्रिशियन ट्रेड केला आणि आता शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे. कारखान्यात अर्थ लीकेजचा रिले पडला तर तो बांधून ठेवून मशीन चालू कर असं कुणी म्हटलं तर आम्ही मशीनला हात लावत नाही, सुपरवायझर ओरडू दे नाहीतर मालक ओरडू दे. आणि घरात, जिथं बायका ओल्या पायानं मोटर चालू करतात, जिथं पोरं चार्जर तोंडात घालतात, तिथं मात्र तोच प्रकार पाच मिनिटात होतोय आणि कुणाला काही वाटत नाही.

आता हे लिहायला कारण काय झालं ते सांगतो. माझी बहीण नागाळा पार्ककडं एका जुन्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर राहते. पाणी सोडलं की हौदाजवळची मोटर चालू करताना मोटरीला हात लागला तर झिणझिण्या येतात म्हणून ती कायम रबरी स्लीपर घालूनच जायची, वर पोरीला पण तेच शिकवलेलं, "स्लीपर घाल मग बटन दाब". मला हे कळलं तेव्हा मी आधी डीबी, म्हणजे एमसीबी वगैरे बसवायचा डबा, बघितला. आरसीसीबी, म्हणजे ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो तोच, बसवलेला, चांगल्या कंपनीचा, ३० मिलिअँपिअरचा, दांडी वर, बघणाऱ्याला वाटावं सगळं झकास आहे. टेस्टचं बटन दाबलं, काही नाही. परत दाबलं, काही नाही. मेन बंद करून कव्हर काढलं तर आतल्या चारही टर्मिनलमध्ये एकसुद्धा वायर नाही, मीटरकडनं आलेली लाल आणि काळी सरळ पट्टी कनेक्टरमध्ये घालून पुढं एमसीबीला आणि न्यूट्रल लिंकला (सगळे न्यूट्रल एकत्र बांधायच्या पट्टीला) दिलेली, आणि तो आरसीसीबी नुसता रेलवर शोभेला बसलेला. २०२१ च्या पुरात खाली पाणी शिरलं होतं, त्यानंतर जो वायरमन आला होता तो म्हणाला होता की ताई तात्पुरतं करून दिलंय, भिंती वाळल्या की परत जोडतो. भिंती कधीच वाळल्या. तो परत आला नाही आणि ह्यांनी पण बोलावलं नाही, कारण लाईट चालू होती ना.

मग लाईन सोडवून मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, फिरवला. घरातल्या बाकीच्या सर्किटांचं रीडिंग व्यवस्थित, मोटरीच्या लाईनला काटा शून्यावरनं हलेना. फरशीपासून वीतभर उंचीवर एक जंक्शन बॉक्स होता, स्क्रू गंजलेले, उघडला तर आत पुराचा गाळ सुकून बसलेला आणि त्यात केबलचा जॉईंट, काळी टेप सुटून लोंबत होती. प्लगला अर्थची वायर होती पण बोर्डात ती कशालाच बांधलेली नव्हती. म्हणजे मोटरीच्या बॉडीला करंट येणार, तो जमिनीत जायला नीट वाट नाही, आणि जे यंत्र ही गळती पकडून लाईन तोडणार ते आपणच सोडवून ठेवलेलं. मधे फक्त रबरी स्लीपर. सगळी दुरुस्ती किती, तर नवा बॉक्स जरा उंचावर घेतला, दोन मीटर केबल बदलली, अर्थ जोडला, आरसीसीबी परत लाईनीत घेतला. तेव्हापासनं तो पडलेला नाही. म्हणजे तो पडत होता ते खराब होता म्हणून नव्हे, तो बरोबरच सांगत होता.

हे तुम्हाला शिकवायची गरज नाही हे मला कळतंय, पण हे पत्र घरमालक पण वाचतील म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही ह्या यंत्राच्या आतल्या एका गोल कोअरमधनं जातात. जेवढा करंट फेजमधनं गेला तेवढाच न्यूट्रलमधनं परत आला तर कोअरमध्ये काही घडत नाही. त्यातला थोडा जरी दुसऱ्याच वाटेनं, म्हणजे मोटरीच्या बॉडीतनं, ओल्या भिंतीतनं, नाहीतर माणसाच्या अंगातनं जमिनीत गेला की दोन्हीत फरक पडतो, तो फरक कोअरवरच्या वेटोळ्याला कळतो आणि खटका पडतो. घरातल्यासाठी हा फरक ३० मिलिअँपिअर धरलाय, आणि चांगलं यंत्र १५ ते ३० च्या मधे कुठंतरी पडतं. ३० ला पडायला जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंद आणि त्याच्या पाचपट करंट गेला तर ४० मिलिसेकंद, ही मर्यादा आहे. हा आकडा कुणी हवेतनं काढलेला नाही. साधारण १ मिलिअँपिअरला जाणवायला लागतं, १० च्या आसपास गेलं की हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेलं सुटत नाही, ३० च्या पुढं श्वासाला त्रास आणि ५० ते १०० च्या दरम्यान काही सेकंद जरी राहिलं तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टला साधारण २३० मिलिअँपिअर झाले.

आता घरमालक हमखास जे म्हणतात ते, "आमच्याकडं एमसीबी आहेत की सगळे नवीन". अहो एमसीबी वायर जळू नये म्हणून आहे, माणूस वाचावा म्हणून नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला तुमच्या अंगातनं जाणारा पाव अँपिअर म्हणजे एखादा छोटा बल्ब लागल्यासारखा, त्याला काही कळतच नाही. आणि दुसरं वाक्य, "अर्थिंग केलंय चांगलं". अर्थिंग पाहिजेच, त्यात वाद नाही, पण नुसत्या अर्थिंगवर भागत नाही आणि हा हिशोब आपल्यातले पण बरेच जण करत नाहीत. समजा अर्थचा खड्डा जुना आहे, कोळसा-मीठ घालून वर्षं झालीत, उन्हाळ्यात कुणी पाणी घातलेलं नाही आणि रेझिस्टन्स १०० ओहमवर गेलाय. गिझरचं एलिमेंट फुटून पूर्ण फेज बॉडीवर आला तर २३० भागिले १००, फक्त २.३ अँपिअर. एमसीबी हलणार नाही, गिझर चालूच राहील आणि बॉडीला जवळजवळ सगळं व्होल्टेज तसंच बसून राहील. १० ओहम जरी धरलं तरी २३ अँपिअरच होतात, १६ च्या एमसीबीला तो साधा ओव्हरलोड, लगेच पडेल याची काही खात्री नाही. आणि आरसीसीबीला? त्याला ०.०३ अँपिअर पुरतात, त्यामुळं १०० ओहमचं वाईट अर्थिंग असलं तरी तो फॉल्ट झाला त्याच क्षणी लाईन तोडतो, कुणाचा हात लागायच्या आधीच. अर्थिंग अजिबातच नसेल तर मात्र तो हात लागल्यावरच पडतो, म्हणजे झटका बसून मग सुटका होते. म्हणून दोन्ही पाहिजेत.

त्याला काय जमत नाही ते पण सांगायला पाहिजे नाहीतर लोक त्याला देव समजायला लागतील. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला आणि जमिनीला काही गळती नसेल तर त्याच्या दृष्टीनं तुम्ही म्हणजे एक लोड, तो पडणार नाही. नुसत्या आरसीसीबीनं ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट पण सांभाळलं जात नाही, त्याला एमसीबी जोडीला लागतोच, नाहीतर दोन्ही एकात असलेला आरसीबीओ घ्यायचा.

आता मुद्द्याचं, तो का पडतो. माझ्या अनुभवात जुन्या घरात नवीन ईएलसीबी बसवला आणि पहिल्याच दिवशी वैताग आला तर दहातल्या निम्म्या वेळा भानगड न्यूट्रलची असते. कोल्हापुरात घरोघरी इन्व्हर्टर आहेत आणि इन्व्हर्टरची वायर मागाहून ओढलेली असते, फेज वेगळा ओढतात आणि न्यूट्रल जवळच्या कुठल्याही बोर्डातला उचलतात. मग फेज एका वाटेनं आणि न्यूट्रल आरसीसीबीच्या पलीकडनं, की झालं, पंखा लावला की खटका. हा लीकेज नाहीच, वायरिंगची चूक आहे, पण गिऱ्हाईकाला सांगितलं जातं की "कंपनीचा पीस खराब आहे" नाहीतर "तुमच्या घराला हा चालत नाही". घराला चालत नाही असं काही नसतंय ओ. इन्व्हर्टरच्या सर्किटांचा न्यूट्रल वेगळा करून वेगळ्या लिंकला घ्या आणि इन्व्हर्टरच्या आउटपुटला त्याचा स्वतःचा आरसीसीबी द्या, म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या बोर्डांना पण संरक्षण राहतंय. दोन खोल्यांचे न्यूट्रल एकमेकात मिसळलेत, कुणीतरी अर्थच न्यूट्रल म्हणून वापरलाय, हे पण नेहमीचंच.

शोधायची पद्धत तुम्हाला माहिती आहे, तरी नवीन पोरांसाठी लिहितो. सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर करत जायचं. ज्याला पडला त्या सर्किटचे सगळे प्लग काढायचे, परत बघायचं, गिझर, वॉशिंग मशीन, मोटर, फ्रिज ह्याच क्रमानं संशय घ्यायचा. आणि सगळे एमसीबी खाली असताना पण पडत असेल तर घाबरायचं नाही, एमसीबी सिंगल पोल असला की तो फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, त्यामुळं न्यूट्रल कुठंतरी अर्थला टेकलाय, मेन बंद करून लिंकवरनं एकेक न्यूट्रल सोडवत बघायचं. मेगर ५०० व्होल्टचा, लाईन बंद करून, सगळी इलेक्ट्रॉनिक उपकरणं सोडवून, आणि १ मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं तर ती लाईन तशी सोडायची नाही. मिलिअँपिअर दाखवणारा लीकेज क्लॅम्प मीटर असेल तर फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्पमध्ये धरा, किती गळतंय ते आकड्यात दिसतंय, सगळं घर अंधारात न घालता काम होतं. एकाच आरसीसीबीवर अख्खं घर असेल आणि घरात चार-पाच कॉम्प्युटर, टीव्ही, इन्व्हर्टर एसी असं बरंच काही असेल तर प्रत्येकाची थोडी थोडी फिल्टरची गळती मिळून पण तो काठावर येतो, तिथं एकाच्या जागी दोन बसवायचे नाहीतर गिझर, मोटर आणि बाथरूमला आरसीबीओ वेगळे द्यायचे. आणि नवीन घ्यायचाच असेल तर टाईप ए घ्या, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या गळतीला जुना 'एसी' नावाचा टाईप नीट ओळखेलच असं नाही.

एक पळवाट मला डायरेक्ट करण्याइतकीच वाईट वाटते. ३० चा पडतोय म्हणून काढून १०० नाहीतर ३०० मिलिअँपिअरचा बसवायचा. मग तो पडत नाही, गिऱ्हाईक म्हणतं काय भारी माणूस आहे. ३०० चा पीस आग लागू नये म्हणून मेनला लावायला ठीक आहे, पण त्याच्या भरवशावर माणूस नाही राहू शकत, तो पडायच्या आत माणूस गेलेला असतो. घरमालकांनो, तुमच्या डीबीचं झाकण उघडा आणि त्या यंत्राच्या तोंडावर बघा, ०.०३ अँपिअर नाहीतर ३० एमए असं छापलेलं असलं पाहिजे. ०.१ किंवा ०.३ असेल आणि तो एकटाच असेल तर तुमच्या वायरमनला विचारा की हा का बसवला.

पुराचं वेगळं लिहितो कारण इथंच सगळ्यात जास्त डायरेक्ट झालंय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आपल्याकडं लहान पोराला पण पाठ आहे, २०१९ ला आणि २०२१ ला पाणी पन्नाशीच्या पुढं गेलं आणि शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नरची कडा कितीतरी दिवस पाण्यात होती. पाणी उतरल्यावर तुम्ही लोकांनी जे काम केलं ते मी बघितलंय, चिखलात उभं राहून दिवसाला कितीतरी घरं, जेवणाची शुद्ध नाही, लोक दारात वाट बघत उभी. त्यावेळी ओल्या पाईपातल्या वायरी, बोर्डात गाळ, आरसीसीबी एक सेकंद टिकत नाही आणि घरातली म्हातारी माणसं दोन-चार दिवस अंधारात, अशा वेळी माणूस डायरेक्ट करून देतो हे मला समजतं. पण नेमकं त्याच वेळी घर सगळ्यात धोक्याचं असतंय. भिंत वरनं कोरडी दिसली तरी आतला पाईप महिनोन् महिने ओला राहतो. त्यापेक्षा असं करा, पुरात बुडालेली खालची सर्किटं, म्हणजे प्लग पॉईंट, मोटर, खालचे बोर्ड, तेवढीच लिंकपासनं न्यूट्रलसकट सोडवून ठेवा आणि वरचे लाईट-पंखे आरसीसीबीवरनंच चालू करा. घरात उजेड येतो, मोबाईल चार्ज करायला एखादा कोरडा वरचा पॉईंट देता येतो, आणि यंत्र लाईनीत राहतं. बंद काय ठेवलंय ते डीबीच्या झाकणावर मार्करनं लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही नाही तर दुसरा कुणी आला तरी त्याला कळेल.

आणि करवीर, पन्हाळा, शिरोळकडच्या गावात काम करणाऱ्यांनो, पत्र्याचं शेड, गोठा आणि कडबाकुट्टी. पत्र्यावरनं गेलेली सर्व्हिस वायर घासून उघडी पडते, अख्खा पत्रा फेजवर येतो, त्याच पत्र्याच्या खांबाला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असते आणि ओलं कापड टाकायला गेलेली बाई तारेला चिकटते. तिला सोडवायला नवरा जातो, त्याला सोडवायला पोरगं. पावसाळ्यात अशी बातमी पेपरात वाचली नाही असं वर्ष मला आठवत नाही. गोठ्यात तर म्हशीला आपल्यापेक्षा कमी व्होल्टेज पुरतं, चार पाय ओल्या जमिनीवर आणि पुढच्या-मागच्या पायात अंतर. गोठ्याच्या लाईनीला वेगळा ३० मिलिअँपिअरचा द्या, आणि मीटरपासनं शेडपर्यंतची वायर त्याच्या पुढं येईल, म्हणजे यंत्र मीटरजवळ बसेल, असं बघा, कारण यंत्राच्या अलीकडं झालेला लीकेज त्याला दिसत नाही. एका म्हशीच्या किमतीत असे कितीतरी बसतील.

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत अर्थ लीकेज संरक्षणाची तरतूद होती आणि त्यांच्या जागी २०२३ ला नवीन नियम आले त्यात पण ती आहे. नवीन मीटर घेताना जो टेस्ट रिपोर्ट जोडला जातो त्यावर लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरची सही असते. न बघता केलेली सही म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको, उद्या तिथं काही घडलं तर कागद तुमच्या नावाचा निघतो.

पण सगळा दोष तुमच्यावर टाकून हे पत्र संपवलं तर ते खोटं होईल. लीकेज शोधायला कधी दोन तास लागतात कधी अख्खा दिवस, आणि शेवटी सापडतो एक खिळा, भिंतीत फोटो लावताना वायरीत घुसलेला. मग गिऱ्हाईक म्हणतं, "एवढंच होतं व्हय? ह्याचे एवढे पैसे?" नवीन होल्डर बसवला की पैसे देतात, डोकं लावून फॉल्ट काढला त्याचे देत नाहीत. म्हणून डायरेक्ट करणं परवडतं आणि शोधणं परवडत नाही, हे मूळ आहे. घरमालकांनो, सोसायटीच्या चेअरमन-सेक्रेटरींनो, दीड-अडीच हजाराचं यंत्र घेताना तुम्ही खळखळ करत नाही, मग ते टिकवायच्या मजुरीला का करता? आणि वायरमन मंडळींनो, तुम्ही पण काम घ्यायच्या आधी स्पष्ट सांगा, लीकेज शोधायचे तासाला एवढे, सापडो न सापडो. एकट्यानं सांगितलं तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल, सगळ्यांनी धरून ठेवलं तर दर बसेल, प्लंबरनं बसवलाच की नाही गळती काढायचा.

माझी मागणी एवढीच आहे. तुम्ही स्वतः जिथं जिथं डायरेक्ट करून दिलंय ती घरं तुम्हाला आठवत असणार, डायरीत नाहीतर मोबाईलमध्ये नंबर असणार. पावसाला सुरुवात व्हायच्या आधी त्यांना एक फोन करा की तुमचा ईएलसीबी सोडवलेला आहे, तो जोडून घ्यायला पाहिजे, आणि जाताना शोधायची मजुरी मागा. जोडून झाला की घरातल्या बाईमाणसाला डीबीपुढं उभं करा, पुरुष दिवसभर घरात नसतात, आणि ते टेस्टचं बटन तिच्या हातानं दाबायला लावा. खटका पडला पाहिजे, मग दांडी वर करायची, एवढंच. महिन्याला एकदा दाबा म्हणून सांगा, आणि ज्या दिवशी बटन दाबून पण पडणार नाही त्या दिवशी लगेच फोन कर म्हणून पण सांगा. ते बटन यंत्राची आतली यंत्रणा तपासतं, तुमचं अर्थिंग नाही, हे पण सांगायला विसरू नका.

मेगर नाही म्हणून कुणाचं काम अडत असेल तर शिरोलीत आमच्या लाईनीतल्या कुणालाही विचारा, माझा स्वतःचा आहे, रविवारी घेऊन जावा, सोमवारी सकाळी ड्युटीच्या आधी आणून द्या.

तुमचाच,
शिरोली एमआयडीसीतला एक मेंटेनन्सवाला